आधी जवळचं रान, मग मोठी शिंगं

पत्र : ताई, नमस्कार. मी मूळचा फलटणचा, नोकरीनिमित्त कोलोराडोत फोर्ट कॉलिन्सला राहतो. इथे येऊन दोन वर्षं झाली, एच-वन-बीवर आहे. ऑफिसातल्या मित्रामुळे शिकारीची गोडी लागली. त्याच्याच रायफलवर नेमबाजीच्या रेंजवर बऱ्यापैकी हात बसलाय, हंटर एज्युकेशनचा कोर्सही पूर्ण केला. आता म्युल डिअरची, म्हणजे इथल्या लांब कानांच्या हरणाची, शिकार शिकायची आहे, पण जागेपाशी गाडं अडलंय. ओळखीत कुणाचं रँच नाही, गाइडचे पैसे परवडत नाहीत. सरकारी जमीन सगळ्यांची म्हणतात, पण नकाशा उघडला की डोकं गरगरतं. ज्याला विचारावं तो म्हणतो, पॉइंट (परवान्याच्या सोडतीत नंबर लागला नाही की मिळणारा गुण) साठव, आठ-दहा वर्षांनी चांगलं युनिट (शिकारीसाठी आखलेला विभाग) मिळेल. स्वतःची जागा मात्र कुणी सांगत नाही. मला मोठी शिंगं नकोत, अनुभव हवाय. गाडी साधी आहे, फोर बाय फोर नाही. बायको म्हणते, मांस घरात येणार असेल तर खुशाल जा, भिंतीवर डोकं टांगायला जाणार असशील तर नको. कुठे जाऊ?
— नवशिका, फोर्ट कॉलिन्स

उत्तर :

नमस्कार. जागेचं सांगतेच, पण त्याआधी एक तातडीची गोष्ट.

एच-वन-बीवर असताना तुम्ही मित्राची रायफल रेंजवर चालवत आलात, असं पत्रात आहे. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याप्रमाणे तुमच्यासारख्या तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाला बंदूक आणि काडतुसं बाळगायला बंदी आहे. बाळगणं म्हणजे विकत घेणंच असं नाही. तासाभरासाठी हातात घेतलेली उसनी बंदूकही त्यात धरली जाऊ शकते. या बंदीला कायद्यातच एक अपवाद ठेवलेला आहे : अमेरिकेत रीतसर मिळालेला, मुदतीत असलेला शिकारीचा परवाना तुमच्याजवळ असेल, तर ही बंदी तुम्हाला लागू होत नाही. हंटर एज्युकेशनचं कार्ड म्हणजे परवाना नव्हे. तेव्हा परवाना हातात येईपर्यंत रेंजवर जाणं बंद करा, आणि झाल्या गोष्टीबद्दल तुमच्या इमिग्रेशनच्या वकिलाशी एकदा मोकळेपणी बोला. पुढे ग्रीन कार्डाचा अर्ज असेल तर हे अंगावर ठेवण्यासारखं प्रकरण नाही. आपल्या लोकांमध्ये हे फार थोड्यांना ठाऊक असतं, आणि रेंजवर तुम्हाला कुणी व्हिसा विचारत नाही, म्हणून इतकं सविस्तर लिहिलं.

यावरचा उपाय साधा आहे. कोलोराडोचा वार्षिक स्मॉल गेम परवाना, म्हणजे लहान प्राणी-पक्ष्यांच्या शिकारीचा परवाना, काढा. राज्यात सलग सहा महिने वास्तव्य झालं की तुम्ही रहिवासी धरले जाता, म्हणजे तो स्वस्तात पडेल. या एका परवान्यात बरीच कामं होतात. वरचा अपवाद तुम्हाला लागू होतो. हरणाच्या परवान्यासाठी अर्ज करायला आधी असा एखादा पात्र परवाना लागतोच, ती अट पुरी होते. राज्याच्या वाइल्डलाइफ एरियांमध्ये पाय ठेवायलाही परवाना किंवा पास लागतो, तोही प्रश्न सुटतो. आणि शरदात ससे किंवा डस्की ग्राउस या रानपक्ष्याच्या निमित्ताने तुम्हाला त्याच डोंगरात बंदूक घेऊन हिंडता येतं, जिथे पुढे हरणामागे जायचं आहे. फक्त जुन्याची मुदत संपायच्या आत नवा काढायचा, एकही दिवस खंड पडू द्यायचा नाही.

आता जागा. थेट सांगते : युनिट ८ किंवा युनिट १९. दोन्ही तुमच्याच लॅरिमर काउंटीत आहेत आणि दोन्हींत पोचायला घरातून निघून तासभर पुरतो. हे ऐकून तुमचा मित्र नाक मुरडेल, कारण मोठ्या शिंगांसाठी या युनिटांचं नाव कुणी घेत नाही. पण तुम्हाला शिंगं नकोत, अनुभव हवाय, आणि अनुभव म्हणजे हरणं बघण्यात घालवलेल्या सकाळी. सात तासांवरच्या नामांकित युनिटात तुम्ही वर्षातून एकदा, रजा टाकून जाल. तासाभरावरच्या रानात मे महिन्यापासून जमेल त्या शनिवारी पहाटे जाऊन दुपारी जेवायला घरी परत याल. नोव्हेंबरात रायफल घेऊन उभे राहाल तेव्हा कुठली घळ कुठे उतरते, कुठल्या उतारावर आधी ऊन येतं, हे तुमच्या पायांना माहीत झालेलं असेल. आठ वर्षं पॉइंट साठवून मिळालेल्या उत्तम युनिटात नवखा माणूस गेला तर तिथेही नवखाच असतो, आणि पॉइंट मात्र संपून गेलेले असतात.

नकाशा बघून डोकं गरगरतं म्हणता, ते समजण्यासारखं आहे. अमेरिकेत ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट, म्हणजे बीएलएम, सुमारे २४.५ कोटी एकर जमीन सांभाळतं आणि फॉरेस्ट सर्व्हिस सुमारे १९.३ कोटी एकर. पण ही जमीन सलग नाही. राज्याच्या वन्यजीव खात्याचा, कोलोराडो पार्क्स अँड वाइल्डलाइफचा, हंटिंग अॅटलस नेटवर फुकट बघता येतो. मोबाइलवर ऑनएक्ससारखं अॅप घेतलंत तर खिशात जीपीएससकट मालकीच्या हद्दी येतात, त्याचे पैसे मात्र मोजावे लागतात. नकाशांवर रंग बहुधा ठरलेले असतात : हिरवं ते नॅशनल फॉरेस्ट, पिवळं बीएलएम, निळं राज्याचं, पांढरं खासगी. नवखा माणूस हिरवं आणि पिवळं बघून खूश होतो. मी तुम्हाला उलटं करायला सांगेन. आधी पांढरं बघा.

पिवळ्या तुकड्याच्या चारी बाजूंना पांढरं असेल, तर ती जमीन सरकारी असूनही तुमच्या कामाची नाही, कारण तिथवर जाणारी सार्वजनिक वाटच नाही. पश्चिमेकडच्या १३ राज्यांत अशी कोंडलेली केंद्र सरकारची जमीन सुमारे ९५ लाख एकर असल्याचं २०१८ मधल्या एका पाहणीत निघालं होतं. पांढऱ्यातून एखादा रस्ता पिवळ्यापर्यंत जाताना दिसला, तरी तो काउंटीचा आहे की रँचवाल्याचा खासगी, हे तपासल्याशिवाय निघू नका. काउंटीच्या कार्यालयात एक फोन केला की कळतं. कोलोराडोत खासगी जमिनीला कुंपण नसलं, पाटी नसली, तरी परवानगीशिवाय तिथे शिकार करणं गुन्हाच. हद्द ओळखायची जबाबदारी पूर्णपणे तुमची.

निळ्या रंगाचा सापळा वेगळा आहे. वायोमिंगमध्ये राज्याच्या ट्रस्ट जमिनीवर, कायदेशीर वाटेने पोचता येत असेल तर, शिकार चालते. कोलोराडोत तसं नाही. इथे ट्रस्ट जमीन आपोआप खुली नसते. वन्यजीव खात्याने भाड्याने घेऊन यादीत टाकलेले तुकडेच खुले, आणि त्यांवरही तारखांच्या अटी असतात. निळं दिसलं की यादी उघडून त्या तुकड्याचं नाव शोधा.

आणि चौकटींच्या कोपऱ्यांचा नाद सध्या सोडा. १८६२ च्या कायद्याने रेल्वेला रुळांच्या दोन्ही अंगांनी एकाआड एक चौरस मैल जमीन दिली गेली. त्यामुळे दक्षिण वायोमिंगमध्ये सरकारी आणि खासगी चौकोन फक्त कोपऱ्याला कोपरा लावून उभे आहेत. तो कोपरा ओलांडताना खासगी जमिनीला पाय न लावता एका सरकारी चौकोनातून दुसऱ्यात गेलं तर ती घुसखोरी ठरत नाही, असा निकाल मार्च २०२५ मध्ये दहाव्या सर्किटच्या, म्हणजे केंद्रीय न्यायालयांच्या दहाव्या विभागाच्या, अपील न्यायालयाने दिला, आणि कोलोराडो त्याच सर्किटमध्ये येतं. वायोमिंगच्या एल्क माउंटनवर गेलेल्या मिझूरीच्या चार शिकाऱ्यांचं ते प्रकरण. निकाल मला पटतो, आणि सामान्य शिकाऱ्याच्या दृष्टीने तो मोठा आहे. पण त्या चौघांना तिथवर पोचायला वर्षानुवर्षं कोर्टकचेरी करावी लागली. व्हिसावरच्या माणसाने पहिल्याच मोसमात जीपीएसच्या काट्यावर शेरीफशी हुज्जत घालू नये.

युनिट ८ आणि १९ मी सुचवते त्यामागे हेही एक कारण आहे. दोन्हींत रूझवेल्ट नॅशनल फॉरेस्टचे मोठमोठे हिरवे सलग पट्टे आहेत, सार्वजनिक रस्त्याला लागून. पूडर कॅनियनमधून जाणारा महामार्ग १४ डांबरी आहे, तुमच्या साध्या गाडीला तो चालतो, आणि त्याला फुटणाऱ्या फॉरेस्टच्या कच्च्या रस्त्यांपैकी कुठले कोणत्या महिन्यात गाडीला खुले असतात, ते फॉरेस्ट सर्व्हिसच्या मोटर व्हेइकल यूज मॅपवर दिलेलं असतं. हा नकाशा फुकट मिळतो आणि कायद्याने तोच प्रमाण. एखादा रस्ता डोळ्यांना दिसतोय पण त्या नकाशावर नाही, तर तिथे गाडी घालायची नाही. उत्तरेकडे लिव्हरमोर-रेड फेदर लेक्सच्या बाजूला जंगल आणि खासगी तुकडे एकमेकांत बरेच मिसळलेले आहेत, तिथे अॅप सतत उघडं ठेवा. त्याच अंगाला चेरोकी स्टेट वाइल्डलाइफ एरिया आहे : पायथ्याच्या टेकड्या, माउंटन महॉगनी आणि बिटरब्रशची झुडपं, हरणांना थंडीत लागणारं नेमकं तेच खाणं. तिचे वेगवेगळे भाग आहेत आणि काही ठरावीक महिने बंद असतात, तेव्हा पाटी वाचल्याशिवाय आत शिरू नका. रॉकी माउंटन नॅशनल पार्कात मात्र शिकार नाही. फॉरेस्ट आणि पार्क यांच्या मधली हद्द झाडांत दिसत नाही, अॅपवरच दिसते.

या भागातली मला सगळ्यांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट म्हणजे जळीत. २०२० च्या कॅमरॉन पीक वणव्यात २ लाख ८ हजार एकरांहून जास्त रान जळालं. कोलोराडोच्या इतिहासातला तो सर्वांत मोठा वणवा. घनदाट पाइनखाली हरणाला खायला फारसं काही नसतं. ते छप्पर गेलं आणि जमिनीवर ऊन पोचलं की गवत, पालेभाजीवजा रोपं, अॅस्पेनचे कोवळे फुटवे वर येतात, आणि हरणं तिकडे वळतात. शिवाय झाडी गेल्यामुळे समोरचा अख्खा उतार दुर्बिणीत धरता येतो, नवशिक्याला याहून काय हवं! वणव्याच्या हद्दीचा थर नकाशावर टाका आणि जळीत जिथे हिरव्या झाडीला भिडतं ती कड बघा. हरणं उघड्यावर चरतात, आडोसा जवळ ठेवून. एकच खबरदारी : जळून उभी राहिलेली झाडं वाऱ्यात कधीही कोसळतात. वारा सुटला की तिथून बाहेर पडायचं, आणि त्यांच्याखाली तंबू तर मुळीच ठोकायचा नाही.

मोठी गफलत होते ती ऋतूची. जुलैत तुम्ही कॅमरॉन पासच्या बाजूला दहा हजार फुटांवर जाल, मखमली शिंगांचे नर बघाल आणि जागा सापडली म्हणून खूश व्हाल. नोव्हेंबरात तिथे बर्फ असेल आणि हरीण एकही नसेल. म्युल डिअर उन्हाळ्यात उंचावर आणि थंडीत पायथ्याला राहतं. वायोमिंगमध्ये तर रेड डेझर्टपासून होबॅकपर्यंत साधारण २४० किलोमीटर चालत जाणारा कळप शास्त्रज्ञांनी कॉलर लावून नोंदवला आहे. तुमच्याकडचं अंतर इतकं मोठं नसलं तरी रीत तीच. म्हणून उन्हाळ्यातली आणि हिवाळ्यातली अशी दोन ठिकाणं ओळखून भागत नाही, मधली उतरण शिकावी लागते : कुठल्या धारेवरून ती खाली येतात, कुठल्या खिंडीत पायवाटा एकवटतात, पहिला जोराचा बर्फ पडल्यावर दक्षिणेकडे तोंड असलेल्या कुठल्या उतारावर थांबतात. ऑक्टोबरच्या शेवटी बर्फ नसेल तर वर शोधायचं, पडला असेल तर खाली. याच कारणाने घराजवळचं रान हवं. हवामान बघून शुक्रवारी रात्री बेत बदलता येतो.

परवान्याची सोडत. कोलोराडोत हरणाचे सगळे परवाने १९९९ पासून मर्यादित आहेत आणि म्हाडाच्या घरांसारखी त्यांची सोडत निघते, फक्त इथे नंबर लागला नाही तर पुढच्या वर्षासाठी गुण मिळतो. पुस्तिकेत प्रत्येक परवान्याला एक कोड असतो, तो वाचायला शिका. पहिलं अक्षर 'डी' म्हणजे डिअर. दुसरं 'एम' असेल तर नर, 'एफ' मादी, 'ई' दोन्हींपैकी कुठलंही. मग तीन आकडी युनिट, म्हणजे ००८ किंवा ०१९. त्यानंतर मोसम, 'ओ२' म्हणजे दुसरा रायफल मोसम. शेवटी हत्यार : 'आर' रायफल, 'एम' मझललोडर, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू-गोळी भरायची बंदूक, 'ए' धनुष्यबाण. कोडासमोर कधीकधी तळटीप असते की हा परवाना फक्त खासगी जमिनीवर चालेल. ती नजरेतून सुटली तर परवाना लागूनही तुम्ही फॉरेस्टच्या बाहेर उभे राहाल.

खातं दरवर्षी सोडतीचा अहवाल प्रसिद्ध करतं. त्यात तुमचा कोड काढा आणि शून्य गुणांवर, किंवा दुसऱ्या पसंतीला, किती जणांना परवाना मिळाला ते बघा. कोलोराडोत गुण खर्च होतात ते फक्त पहिल्या पसंतीवर. त्यामुळे पहिल्या पसंतीत नुसता गुण मागायचा कोड आणि दुसऱ्या पसंतीत सहज मिळणारं युनिट, असा अर्ज केला की गुणही साठतो आणि मोसमही हुकत नाही. तुमच्या मित्राचा सल्ला त्यामुळे वाया जात नाही, तो बाजूला चालू राहतो. सोडतीत हुकलंच तर जूनमध्ये दुय्यम सोडत असते, ऑगस्टपासून उरलेले आणि परत आलेले परवाने विक्रीला येतात.

आणि मादीचा परवाना मागायला कचरू नका. उलट पहिल्या मोसमाला मी तोच मागायला सांगेन, जिथे तो निघत असेल तिथे. हरणामागे दबकत जाणं, वारा सांभाळणं, गोळी, मांस उतरवणं, ते पाठीवर गाडीपर्यंत आणणं, यातलं सगळं मादीच्या परवान्यातही तसंच शिकायला मिळतं. मांस कोवळं असतं, आणि तुमच्या घरची अट पहिल्या झटक्यात पुरी होते. सोबत पिलू असलेली मादी दिसली तर सोडायची की नाही, हा ज्याच्या त्याच्या मनाचा प्रश्न. मी सोडते.

डोंगरात गेल्यावर काय करायचं? रस्त्यापासून आठ-दहा किलोमीटर आत शिरा असं तुम्हाला सगळे सांगतील. ऐकू नका. एकट्या नवख्या माणसाने गाडीपासून दीड-दोन किलोमीटरच्या पलीकडे हरीण पाडू नये. पूर्ण वाढलेल्या मादीचं हाडं काढलेलं मांस वीस किलोच्या पुढे जातं, त्यावर कातडी, तंबू, पाणी, आणि परतीची वाट बहुतेक वेळा अंधारात. शिवाय बरेच शिकारी गाडीतूनच उतरत नाहीत. एक चढ चढून पलीकडच्या कुशीत उतरलात तरी पुष्कळ एकांत मिळतो. शनिवार-रविवार टाळून मधल्या वारी गेलात तर आणखी.

उजाडायच्या आधी एखाद्या टोकावर बसा, सूर्य पाठीशी ठेवून, समोरचा उतार डोळ्यांत मावेल असे. १० बाय ४२ ची, म्हणजे दहापट मोठं दाखवणारी, दुर्बीण पुरते, पण ती ट्रायपॉडवर लावा. हातात ती थरथरते, आणि थरथरत्या चित्रात हलला तो कान की फांदी, हे कळत नाही. अख्खं हरीण शोधायला जाऊ नका, ते क्वचित दिसतं. झुडपांच्या उभ्या काड्यांमध्ये एक आडवी रेघ सापडते, ती पाठ असते. करड्या उतारावर एक मळकट पांढरा ठिपका असतो, तो बूड, आणि त्यावर बारीक शेपूट, टोकाला काळी. लांब कान माशा हाकलायला फडकतो आणि तेवढ्यानेच सगळं जनावर एकदम नजरेत उभं राहतं. मग पुन्हा डोळा काढलात की हरवतं. एकेका उताराला वीस-वीस मिनिटं द्या, डावीकडून उजवीकडे, ओळी लावून. ऊन वर आलं की हरणं सावलीत, धारेच्या जरा खाली, बसायला जातात. ती कुठे बसली हे बघून ठेवणं म्हणजे निम्मी शिकार.

मग वारा. रात्रीची गार हवा सकाळी उतारावरून खाली वाहत असते, डोंगर तापला की ती वर चढू लागते. पहाटे खालून वर जाणाऱ्या शिकाऱ्याचा वास हरणाला लागत नाही, पण दहा-अकराच्या सुमाराला हवा फिरली की तोच वास सरळ वर जातो. तेव्हा दुपारी बगल देऊन वरून यायचं. हरीण उठून चारी पायांवर उड्या मारत पळालं तर मागून गोळी झाडायची नाही. म्युल डिअर बऱ्याचदा थोडं पुढे जाऊन थांबतं आणि वळून बघतं. ते आडवं उभं राहिलं, मागे माती आहे, अंतर तुमच्या हिशेबातलं आहे, तरच.

तुमच्या हिशेबातलं अंतर म्हणजे रेंजवरच्या टेबलावरून लागतं ते नव्हे. बसून, काठ्यांच्या टेकूवर, धाप लागलेली असताना दहापैकी दहा गोळ्या लहान ताटाएवढ्या जागेत बसतात ते. पहिल्या वर्षी १८० मीटरच्या पुढचा विचारच करू नका. परवाना हातात आला की ब्रिग्जडेलच्या बाजूला पॉनी नॅशनल ग्रासलँडवर बेकर ड्रॉ नावाची नेमबाजीची ठरवून दिलेली जागा आहे, तिथे असा सराव करता येतो. कोलोराडोत हरणासाठी कॅलिबर, म्हणजे गोळीची जाडी, किमान .२४ इंच लागतं, आणि रायफल मोसमात अंगावर ५०० चौरस इंच भडक नारिंगी किंवा गुलाबी कापड, शिवाय त्याच रंगाची टोपी सक्तीची.

मांसाचं बायकोला नीट सांगता यायला हवं. म्युल डिअरमध्ये क्रॉनिक वेस्टिंग डिसीज हा मेंदूचा रोग असतो. तो १९६७ मध्ये पहिल्यांदा लक्षात आला तो तुमच्याच गावात, फोर्ट कॉलिन्सच्या संशोधन केंद्रातल्या बंदिस्त हरणांत, आणि फ्रंट रेंजच्या, म्हणजे रॉकी पर्वताच्या तुमच्या बाजूच्या कडेच्या, कळपांत तो आजही आहे. माणसाला तो झाल्याची खातरीलायक नोंद नाही. पण तो प्रायॉनमुळे, म्हणजे बिघडलेल्या प्रथिनामुळे, होतो, शिजवून नष्ट होत नाही, आणि बाधित जनावराचं मांस खाऊ नये असा सरकारी आरोग्य यंत्रणेचा सल्ला आहे. तेव्हा डोकं वन्यजीव खात्याच्या केंद्रावर तपासायला द्या. काही युनिटांत त्या त्या वर्षी हे सक्तीचं असतं आणि मग फुकट होतं. निकाल येईपर्यंत मांस वेगळी खूण करून फ्रीझरमध्ये ठेवा. मेंदू आणि मणका कापायचा नाही, मांस हाडांवरून सोडवून घ्यायचं, राहिलेलं कचरा डेपोत जाऊ द्यायचं, ओढ्यात नाही. कातडी मात्र लगेच सोलायची. ऑक्टोबरात दुपारी ऊन चांगलं तापतं आणि मांस बिघडतं ते उष्णतेने. जनावराचं लिंग ओळखू येईल असा भाग मांसाला नैसर्गिकरीत्या जोडलेला ठेवावा लागतो, आणि खाण्याजोगं मांस रानात टाकून येणं हा गुन्हा आहे. स्वयंपाकाचं एवढंच : चरबी काढून टाका, ती तोंडात मेणासारखी चिकटते. मागच्या मांड्यांचा खिमा करा. पाठीचे पट्टे मटणासारखे तासभर शिजवू नका.

शिकवणारं कुणी नाही, ही तुमची खरी अडचण मला जागेपेक्षा मोठी वाटते. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर शिकार बंद झाली, त्यामुळे काका-मामांकडून हे शिकलेला मराठी माणूस इथे सापडत नाही. मग माणसं शोधायची कुठे? बॅककंट्री हंटर्स अँड अँगलर्स आणि म्युल डिअर फाउंडेशन या संस्थांचे स्वयंसेवक उन्हाळ्यात जुनी काटेरी तार काढायला, झुडपं लावायला डोंगरात जातात. तिथे दिवसभर खांद्याला खांदा लावून राबलात की संध्याकाळी जेवताना माणसं बोलायला लागतात. जागा विचारू नका. त्यांना विचारा, मोसमात मांस वाहायला कुणी हवं असेल तर मला बोलवा. या वाक्याला नाही म्हणणारा शिकारी मला अजून भेटलेला नाही, आणि दुसऱ्याच्या हरणावर सुरी चालवताना जे कळतं ते कुठल्याही व्हिडिओत कळत नाही.

इतर राज्यांतल्या वाचकांसाठी थोडक्यात. आयडाहो आणि वायोमिंगमध्ये 'अॅक्सेस येस' आणि मोंटानात 'ब्लॉक मॅनेजमेंट' या योजनांतून खासगी जमीनही शिकाऱ्यांना खुली होते, कॅन्सस आणि नेब्रास्कातही वॉक-इन, म्हणजे पायी शिरून शिकार करता येईल अशा खासगी, जमिनी आहेत. नेव्हाडा आणि युटामध्ये सरकारी जमीन मुबलक, परवाना मिळणं हाच काय तो अडसर. फोर्ट कॉलिन्सकरांनो, वायोमिंग हाकेच्या अंतरावर आहे म्हणून तिकडे धावू नका. परराज्यातल्या माणसाला तिथल्या घोषित वाइल्डरनेसमध्ये, म्हणजे रस्ते-गाड्यांविना राखलेल्या सरकारी रानात, मोठी शिकार करायला परवानाधारक गाइड किंवा स्थानिक रहिवासी सोबत लागतो, आणि पैसेही कितीतरी जास्त.

अर्जाची मुदत एप्रिलच्या पहिल्या मंगळवारी रात्री आठ वाजता संपते. त्याआधी वकिलाशी बोलणं उरका, स्मॉल गेम परवाना काढा, अहवालातून ८ आणि १९ चे कोड उतरवून घ्या. काही अडलं तर खात्याचे हंट प्लॅनर फोनवर नीट समजावून सांगतात, नवीन आहे म्हणून सांगायला लाजू नका. अर्ज भरल्यावर दुसऱ्या पसंतीत काय टाकलंत ते मला कळवा. मे महिन्यात कुठल्या धारेवर बसायचं, ते मग नकाशा समोर ठेवून ठरवू.